आधी हिशेब, मग आवाहन: मंडळीच्या वर्षअखेरीच्या अर्पणाची तयारी

नाताळच्या सकाळी मंडळीत पाय ठेवायला जागा नसते. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली मुलं गावी आलेली असतात, एरवी महिनोन् महिने न दिसणारी घरं सहकुटुंब हजर असतात. नेमकं त्याच दिवशी, सूचनांच्या शेवटी, खजिनदार उभे राहतात आणि सांगतात की यंदा अमुक लाखांची तूट आहे, सर्वांनी सढळ हाताने अर्पण करावं. थैली फिरते. कोणी शंभर टाकतं, कोणी पाचशे. दुसऱ्या दिवशी पंचांमध्ये कुजबुज सुरू होते की आपले लोक देतच नाहीत.

ही तक्रार मला मान्य नाही. हंगामाच्या, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या सणाला लिलावात लाल भोपळ्यावर हजार-हजाराची बोली लावणारे हेच लोक असतात. मंडळीतला एखादा माणूस दवाखान्यात पडला तर एका संध्याकाळी पैसे गोळा करणारेही हेच. जे समोर दिसतं त्यासाठी लोक देतात. वर्षभर न दाखवलेला हिशेब शेवटच्या रविवारी ‘तूट’ या एका शब्दात ऐकवला, तर प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न हाच येणार की पैसे गेले कुठे. म्हणून वर्षअखेरीच्या मोहिमेची सुरुवात आवाहनाने नाही, हिशेबाने करायची. पुढची सगळी मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे.

हे लिहिताना डोळ्यांसमोर अहिल्यानगर, पुणे, सोलापूर या पट्ट्यातली चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची मध्यम आकाराची मराठी मंडळी आहे: शंभर-सव्वाशे कुटुंबं, त्यात शिक्षक, नर्सबाई, पेन्शनर, थोडे शेतकरी, रोजंदारीवरची घरं. इतर मंडळ्यांनी आपल्या रीतीप्रमाणे फेरफार करून घ्यावेत.

वर्ष दोनदा संपतं

अमेरिकेतल्या चर्चचं बघून आपल्याकडे ‘इयर एंड’ म्हणजे डिसेंबर असं धरलं जातं. तिथलं कराचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, म्हणून तिथे ते बरोबर आहे. आपल्या ट्रस्टचं आणि आयकराचं वर्ष मात्र ३१ मार्चला संपतं. मंडळीच्या मनातलं वर्ष डिसेंबरात संपतं आणि ऑडिटरच्या वहीतलं मार्चमध्ये.

याचा फायदा करून घेता येतो. डिसेंबरमध्ये लोकांनी किती देणार याचा संकल्प करायचा आणि डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च अशा चार हप्त्यांत तो पुरा करायचा. दहा हजार एकदम काढणं शिक्षकाच्या घरालाही जड जातं, अडीच हजार महिन्याला जमतं. शिवाय कारखान्याच्या तोडीला गेलेली घरं दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात आणि गळीत हंगाम संपल्यावरच परततात. फक्त डिसेंबरची मोहीम केली तर ती माणसं मोजणीतच येत नाहीत, आणि मग त्यांना वाटतं की मंडळीने आपल्याला धरलंच नाही.

सप्टेंबर: वह्या काढा

पहिलं काम खजिनदाराच्या कपाटापाशी. गेल्या तीन वर्षांची आवक महिन्यावार मांडा आणि सदरं वेगळी ठेवा: रविवारचं अर्पण, मासिक वर्गणी किंवा दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग), आभारार्पण, हंगाम, गरीब निधी, इमारत निधी. सगळं ‘चर्च अर्पण’ या एका रकान्यात टाकलं असेल तर आधी ते सोडवून घ्या. हे किचकट काम आहे, दोन-तीन संध्याकाळी जातील, पण याला पर्याय नाही.

मग चार गोष्टी शोधा. किती कुटुंबं नियमित देतात? किती कुटुंबं वर्षातून एकदाच देतात, आणि कधी? कोणती घरं पूर्वी द्यायची आणि आता थांबली? आणि कोणत्या महिन्यात आवक घसरते? बहुतेक वह्यांत शाळा सुरू होण्याचा जून उतरता दिसेल, कारण घराघरांत फी आणि वह्या-पुस्तकांचा खर्च असतो. थांबलेल्या घरांची यादी पाळकसाहेबांकडे द्या, वसुलीसाठी नाही तर भेटीसाठी. देणं थांबण्यामागे पुष्कळदा आजारपण असतं, नोकरी गेलेली असते, नाहीतर मंडळीत कोणीतरी दुखावलेलं असतं. तिन्ही ठिकाणी पावतीपुस्तक घेऊन जाणं चूक आहे.

खर्चाची बाजूही तशीच उघडी करा. पाळकांचा पगार, डायोसिसला (बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाला) भरायचा ठरलेला वाटा म्हणजे असेसमेंट, वीजबिल, सेवकाचा पगार, दुरुस्ती, मदत. हे सगळं एका पानावर बसलं पाहिजे आणि आठवी शिकलेल्या माणसाला वाचता आलं पाहिजे. हे पान पुढे तुमच्या मोहिमेचं सर्वात उपयोगी साधन ठरेल.

कारण एकच ठरवा, फार तर दोन

पगार आणि असेसमेंट ही दर महिन्याची गरज आहे. ती दर महिन्याच्या वर्गणीतूनच भागली पाहिजे. दरवर्षी डिसेंबरात मोहीम काढून ती भागवायची सवय लागली की वर्गणी आणखी सैल पडते. वर्षअखेरीला हाती घ्यायचं काम असं असावं की जे पुढच्या वर्षी डोळ्यांनी बघता येईल.

उदाहरणादाखल समजा, देवळाची मंगलोरी कौलं फुटली आहेत, वासे कुजले आहेत, पावसाळ्यात वेदीच्या बाजूला बादल्या ठेवाव्या लागतात. दोन ठिकाणची दरपत्रकं मागवा. काम ३,६०,००० रुपयांचं निघालं. जोडीला माणसांचं एखादं काम घ्या: मंडळीतल्या मुलांच्या कॉलेज फीसाठी १,२०,००० चा शिक्षण निधी. एकूण ४,८०,०००. फक्त दगड-विटांसाठी मागितलं की काही घरं मागे राहतात आणि फक्त मदतीसाठी मागितलं की छप्पर तसंच गळत राहतं. दोन्ही कामं एका पत्रात बसतात. तिसरं काम त्यात घालू नका.

एक खबरदारी. चर्चची इमारत आणि जागा पुष्कळ ठिकाणी मंडळीच्या नावावर नसून मालमत्ता सांभाळणाऱ्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर असते. मोठ्या दुरुस्तीला डायोसिसची लेखी परवानगी लागते का, ते सप्टेंबरातच विचारून घ्या. पैसे जमले आणि परवानगी अडली, तर लोकांचा विश्वास परत मिळवायला वर्षं लागतात.

आणि पैसे जास्त जमले तर काय, कमी पडले तर काय, हेही आधीच ठरवून लिहून ठेवा. छपरासाठी दिलेला पैसा नंतर स्पीकरवर खर्च झाला, तर ती देणाऱ्याशी केलेली फसवणूक आहे, मग खर्च कितीही चांगल्या कामाचा असो.

आकडा कसा फोडायचा

इथे पंचमंडळाचा हात सवयीने कॅल्क्युलेटरकडे जातो. ४,८०,००० भागिले १२० कुटुंबं, म्हणजे घरटी ४,०००. हे करू नका. धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या विधवा बहिणीला चार हजाराचा आकडा ऐकून पुढच्या रविवारी मंडळीत यायची लाज वाटते. आणि ज्याच्या घरात दोन सरकारी पगार येतात, तो चार हजार देऊन मोकळा होतो. त्याला पंचवीस हजार देता आले असते, त्याने आनंदाने दिलेही असते, पण तुम्हीच त्याला चार हजारावर थांबवलं.

त्याऐवजी पायऱ्या करा. दोन घरं पन्नास-पन्नास हजार देऊ शकतील का? एक लाख झाला. चार घरं पंचवीस हजार, आणखी एक लाख. दहा घरं दहा हजार, एक लाख. वीस घरं पाच हजार, एक लाख. म्हणजे छत्तीस घरांत चार लाख आले. मग तीस घरं दोन हजार देणारी धरा, साठ हजार. उरली चोपन्न घरं. त्यांच्यासाठी वीस हजार ठेवा आणि आकडा कोणालाही सांगू नका. कोणी पन्नास देईल, कोणी पाचशे.

हा कागद फक्त पंचांसाठी आहे. घरांची नावं पायऱ्यांवर लिहून तो फिरवायचा नाही. त्याचा उपयोग एवढाच, की वरच्या दोन पायऱ्यांवर घरं दिसतच नसतील तर आकडाच मोठा धरला आहे हे ऑक्टोबरात कळतं, डिसेंबरात नाही.

खालच्या चोपन्न घरांबद्दल आणखी एक. मिझोरममधल्या प्रेस्बिटेरियन मंडळीतल्या स्त्रिया १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढत आल्या आहेत. त्याला तिथे ‘बुहफाय थाम’ म्हणतात. त्या मुठीमुठीवर तिथल्या मंडळीची केवढी तरी कामं उभी राहिली. आपल्याकडे महिला मंडळाने ज्वारीचा, तांदळाचा डबा किंवा नाण्यांची डबी घरोघर ठेवली तर ज्या बाईच्या हातात रोख पैसा कधी येत नाही तिलाही स्वतःच्या हाताने देता येतं. मला ही पायरी पन्नास हजाराच्या पायरीपेक्षा महत्त्वाची वाटते. मंदिराच्या भांडाराजवळ बसून येशूने ज्या विधवेकडे शिष्यांचं लक्ष वेधलं, तिने दोन टोल्याच, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकल्या होत्या.

कागदपत्रं: ऑक्टोबरच्या आत

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सर्वात जास्त भांडणं इथेच होतात.

बँकेचं खातं मंडळीच्या किंवा ट्रस्टच्या नावावर, दोघांच्या सहीचं हवं. यूपीआयचा क्यूआर त्याच खात्याचा हवा. खजिनदाराच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर पैसे मागवायचे नाहीत, माणूस कितीही प्रामाणिक असला तरी. उद्या त्याच्यावर कोणी बोट दाखवलं तर त्याला वाचवणारा कागद त्याच्याजवळ नसतो.

करसवलतीबद्दल खरं बोला. धार्मिक कामासाठी दिलेल्या देणगीवर ८०जीची (देणगीच्या वजावटीच्या आयकर कलमाची) सवलत मिळत नाही, अपवाद फक्त सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या ऐतिहासिक वा कलादृष्ट्या महत्त्वाच्या प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीचा. तुमच्या मंडळीचं शाळा-दवाखान्याचं काम वेगळ्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत चालत असेल आणि त्या संस्थेकडे ८०जीची मान्यता असेल, तर त्या कामाची देणगी त्या संस्थेच्या खात्यात, तिच्या पावतीवर घ्या. तिथेही २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर सवलत नाही, आणि ज्याने नवी करप्रणाली निवडली आहे त्याला ही वजावट मुळातच मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा पावतीवरचा मजकूर सीएला दाखवूनच छापा. ‘टॅक्समध्ये सूट मिळेल’ असं कोणी घरभेटीत मोघम बोलून गेलं, तर मार्चमध्ये सगळे खजिनदाराच्या दारात उभे असतात.

एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच प्रसंगानिमित्त, दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही. थैलीत पडणाऱ्या निनावी अर्पणाची निव्वळ धार्मिक ट्रस्टने काळजी करू नये, त्यावर वेगळा कर लागत नाही. पण ट्रस्टचं काम धार्मिक आणि धर्मादाय असं दुहेरी असेल, आणि पेटीवर ‘शाळेसाठी’ किंवा ‘दवाखान्यासाठी’ असं लिहिलं असेल, तर त्या पेटीतल्या निनावी पैशाचा नियम वेगळा आहे. अशा कामासाठी नाव लिहून, पावती देऊनच पैसे घ्या.

परदेशातला पैसा हा सर्वात नाजूक विषय. मंडळीतल्या एखाद्या घरचा मुलगा दुबईला आहे, पासपोर्ट भारताचा आहे, आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत मात्र फाइलला लावा. पण ज्या भाच्याने अमेरिकेचं किंवा ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड) असलं तरी त्याची देणगी परदेशी ठरते, आणि एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळीला ती घेता येत नाही. नोंदणी असली तरी ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठराविक खात्यातच यावी लागते. परदेशी पाहुण्याने इथे येऊन रुपयांत दिलं तरी नियम तोच. ‘मामाच्या खात्यावर पाठव, मामा मंडळीत भरेल’ ही पळवाट कोणी सुचवली तर स्पष्ट नाही म्हणा. एका देणगीपायी सगळी मंडळी अडचणीत येते.

पंचांनी आधी द्यायचं

मंदिराच्या बांधकामासाठी दाविदाने आधी स्वतःचं सोनं-रुपं दिलं, मग घराण्यांच्या प्रमुखांनी दिलं, आणि ते पाहून लोकांना आनंद झाला, असं बायबलमधल्या पहिल्या इतिहासाच्या २९ व्या अध्यायात आहे. क्रम महत्त्वाचा आहे. पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे पंचमंडळाच्या, प्रत्येक सभासदाने ऑक्टोबरअखेर आपला संकल्प बंद पाकिटात द्यावा. रक्कम कोणीही जाहीर करायची नाही. मंडळीला एवढंच सांगायचं की सर्व पंचांनी दिलं आहे. एकाने जरी दिलं नसेल तर हे वाक्य बोलता येणार नाही, म्हणून थांबा, त्याच्याशी बोला.

पाळकांनी देणाऱ्यांची यादी पाहावी का, यावर मंडळ्यांत मतभेद आहेत. माझं मत: कोणी किती दिलं ही यादी पाहू नये; भेटीसाठी दिलेली थांबलेल्या घरांची यादी वेगळी. ज्याने पन्नास हजार दिले आणि ज्याने काहीच दिलं नाही, त्या दोघांच्या घरी मयत झाली तर पाळकांच्या पावलांत फरक पडता कामा नये. यादी खजिनदार आणि मोजणी करणारे यांच्यापुरतीच राहू द्या.

पत्र

छापील पत्र घरोघर हातात द्या, व्हॉट्सॲपवर टाकलेलं पुरत नाही. एक पान. गरज, हिशेब, विनंती, शेवटी आभार. नमुना असा:

‘प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

गेल्या वर्षी आपण सर्वांनी मिळून मंडळीच्या कामासाठी जे अर्पण केलं, त्याचा पूर्ण हिशेब या पत्राच्या मागे दिला आहे. त्यातून पाळकांचा पगार एकदाही थकला नाही आणि तीन मुलांची परीक्षा फी भरता आली. हे तुमच्यामुळे झालं.

यंदा दोन कामं आपल्यापुढे आहेत. देवळाचं छप्पर पुढचा पावसाळा काढणार नाही. त्याला ३,६०,००० रुपये लागतील. आपल्या मुलांच्या कॉलेजच्या फीसाठी १,२०,००० रुपयांचा निधी उभा करायचा आहे.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आपण संकल्पपत्रं देवापुढे ठेवू. घरात सर्वांनी बसून प्रार्थना करा आणि जेवढं संतोषाने देता येईल तेवढंच लिहा. ज्यांना यंदा शक्य नाही त्यांनी कोरं पत्र ठेवलं तरी चालेल. आपण सगळे वेदीपाशी एकत्र येऊ.

प्रभूतील तुमचा सेवक’

कोऱ्या पत्राची ओळ काही पंचांना खटकेल. ती काढू नका. त्या ओळीमुळे ज्याच्याकडे काही नाही तोही त्या रविवारी येतो. पौलाने करिंथकरांना लिहिलं ते हेच, की प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, भाग पडतं म्हणून नाही. पत्रात मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातला शाप, ‘देवाला लुटता’ वगैरे भाषा नको. भीतीने आलेला पैसा एकदाच येतो.

घरभेटी

पत्र पोचल्यावर दोघादोघांनी घरं वाटून घ्या. एक पंच, एक महिला मंडळातली. पाळक आणि पाळकीणबाईंना या भेटींतून मोकळं ठेवा. आजाऱ्याच्या घरी आणि जिथे वर्षाच्या आत मयत झाली आहे तिथे फक्त प्रार्थना करून या.

बोलणं साधं ठेवा. ‘मावशी, पत्र मिळालं ना? काही विचारायचं आहे का?’ एवढ्यावर थांबा आणि ऐका. मावशी बहुधा छपराबद्दल बोलणार नाही. ती विचारेल, ‘गेल्या वेळी कंपाउंडसाठी घेतले होते, त्याचं काय झालं रे?’ याचं उत्तर तुमच्याजवळ हवं, रकमेसकट. म्हणून तर सप्टेंबरात वह्या काढल्या. उत्तर माहीत नसेल तर ‘बघून सांगतो’ म्हणा आणि त्याच आठवड्यात खरोखर जाऊन सांगा. मला विचाराल तर अर्धी मोहीम याच फेरीत यशस्वी होते किंवा बुडते.

ज्या घरांकडून वरच्या पायऱ्यांची अपेक्षा आहे तिथे मात्र रकमेचा आकडा स्पष्ट सांगा, आडवळण नको. ‘दादा, या कामाला पंचवीस हजार देणारी चार घरं लागतील. त्यातलं एक तुमचं असावं असं आम्हाला वाटतं. विचार करून सांगा.’ सन्मानाने, खासगीत, एकदाच विचारलेलं कोणाला लागत नाही. लागतं ते व्यासपीठावरून मारलेल्या टोमण्याचं.

ऑक्टोबर ते जानेवारी

हंगामाचा सण मंडळीप्रमाणे पुढेमागे होतो. सोयाबीन निघालं, बाजरी आली, लाल कांदा यायचा आहे, अशा सुमारास तो असला की वेदीपुढे खरंच धान्याच्या राशी दिसतात. लिलाव हा आपल्या मंडळ्यांचा जीव आहे, लोणच्याच्या बरणीपासून गावठी कोंबडीपर्यंत. तो ठेवाच, पण तीन गोष्टी पाळा. बोली आणि नाव लिहायला वेगळा माणूस बसवा. पैसे त्याच दिवशी घ्या, कारण लिलावाची उधारी वर्षानुवर्षं वहीत पडून राहते आणि त्यापायी माणूस मंडळीत यायचा थांबतो. आणि लिलावाचं उत्पन्न मोहिमेत धरायचं की नेहमीच्या खर्चात, ते आधी जाहीर करा.

पगार एक तारखेच्या आसपास जमा होतात, पेन्शनही. म्हणून संकल्पाचा रविवार महिन्याचा पहिला. त्याआधीचा रविवार हिशेबाचा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, त्याची आठवण करणारा रविवार नोव्हेंबरअखेर असतोच. २०२६ साली २९ नोव्हेंबर रविवारीच येतो आणि नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवारही तोच आहे. त्या दिवशी एका पानाचा हिशेब वाचा, प्रश्न विचारू द्या, पैसे मागू नका. पुढच्या रविवारी, ६ डिसेंबरला, संकल्पपत्रं घ्या. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे बोनसही हातात आलेला असेल.

त्यानंतर डिसेंबरभर मागणं बंद. दर रविवारी फक्त एक ओळ: इतकी संकल्पपत्रं आली, इतका संकल्प झाला. कोणाचं नाव नाही. कॅरलच्या फेऱ्यांत तरुण संघाला मिळणारी पाकिटं संघाचीच, ती मोहिमेत ओढू नका, पण त्यांचाही हिशेब त्याच रात्री दोघांनी मोजून लिहावा. मुलांना शिस्त लागते. शब्बाथशाळेच्या डब्या नाताळच्या आधीच्या रविवारी मुलांनी स्वतः वेदीपाशी आणाव्यात.

नाताळच्या उपासनेला बाहेरगावहून आलेल्यांसाठी दारात एक टेबल ठेवा: छपराचा फोटो, एका पानाचा हिशेब, क्यूआर, पावतीपुस्तक आणि तिथे बसलेली एक हसतमुख ताई. व्यासपीठावरून काही बोलायची गरज नाही. ज्यांचा बाप्तिस्मा त्या छपराखाली झाला आहे ते थांबतात, विचारतात. ३१ डिसेंबरच्या जागरणाच्या उपासनेत आभारार्पण घ्या, आणि ते निव्वळ आभाराचंच असू द्या.

मोजणी आणि पावती

अर्पण उपासना संपल्याबरोबर तिथेच मोजायचं. तीन माणसं, एकमेकांच्या नात्यातली नसलेली. वहीत पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभरच्या किती, नाणी किती, असं नोटांप्रमाणे लिहून तिघांच्या सह्या. लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी बँकेत. पैसे रात्रभर कोणाच्या घरी राहणार असतील तर तेही वहीत लिहायचं. हा अविश्वास नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेला पैसा पौलाने एकट्याने नेला नाही, सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली, आणि कोणी दोष लावू नये म्हणून असं करतो, हे स्वतः लिहून ठेवलं (२ करिंथ ८:२०, २१).

पावती आठवड्याच्या आत. यूपीआयने आलेल्या रकमांची यादी दर सोमवारी बँकेच्या उताऱ्याशी ताडून बघा, कारण तिथे पुष्कळदा नाव नीट कळत नाही आणि मग ‘मी दिले होते, पावती नाही’ असं होतं. पन्नास रुपयांच्या पावतीबरोबर जाणारी आभाराची चिठ्ठी पन्नास हजारांच्या चिठ्ठीसारखीच, हाताने लिहिलेली.

जानेवारी ते मार्च

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी पहिला अहवाल: संकल्प किती, जमा किती. काम टप्प्याटप्प्याने सुरू करता येत असेल तर आलेल्या पैशात वासे तरी आणून टाका. आवारात पडलेलं लाकूड दिसलं की हप्ते वेळेवर येतात. हप्ता चुकला तर फेब्रुवारीत एक फोन, तोही विचारपूस म्हणून. दुसऱ्यांदा फोन करायचा नाही. संकल्प देवापुढे केला आहे, ते कर्ज नाही.

रक्कम कमी पडली तर आधी ठरवल्याप्रमाणे काम आखडतं घ्या आणि तसं सांगा. पुरी झाली तर मोहीम त्याच रविवारी बंद झाल्याचं जाहीर करा. रानात देवाचा निवासमंडप उभारायच्या वेळी लोक इतकं आणत राहिले की मोशेला छावणीत दवंडी पिटवून थांबवावं लागलं. पुरे झालं असं म्हणणाऱ्या पंचांवर पुढच्या वर्षी लोक डोळे मिटून विश्वास टाकतात.

३१ मार्चला खातं बंद करताना छपराचा आणि शिक्षण निधीचा शिल्लक आकडा वेगवेगळा दाखवा. संबंधित संस्थेने ८०जीच्या देणग्या घेतल्या असतील तर त्यांचं विवरण आणि देणगीदारांची प्रमाणपत्रं ३१ मेपर्यंत द्यावी लागतात, ते सीएकडे एप्रिलमध्येच सोपवा. शेवटी एक साधी वही करा: घरभेटीत काय विचारलं गेलं, कोणतं उत्तर आपल्याजवळ नव्हतं, कोणती तारीख चुकली. पंच बदलतात, खजिनदार बदलतात. ही वही कपाटात हिशेबाच्या वहीशेजारी ठेवा, रकमा आणि नावं त्यात न लिहिता.